इंजिन अजून किती काढील, हे विचारायला गेलो

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ट्रकचं तेल बघणं. रोजचंच काम. यमुना बंपरवर चढली, बॉनेटमध्ये हात घालून तेलाची पट्टी ओढली, जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली आणि उजेडाकडे धरून म्हणाली, "कमी हाय." मी कॅन दिला. तिने ओतलं. पुन्हा पट्टी बघून म्हणाली, "आता बरोबर." फडकं आरशाच्या दांडीला अडकवलं आणि उतरताना माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. गुडघा धरला होता तिचा.

मी म्हटलं, "हळू. माझा खांदा काय जॅक हाय?"

"जॅक असता तर कधीतरी वर उचललं असतं मला," म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ती उठलीच नाही. फडकं अजून त्या दांडीलाच आहे. कोणी काढायला आलं तर हात मोडीन.

तेराव्यापर्यंत लोक येत होते. "सुटली हो, हाल न होता गेली." ज्याला सुटायचं आहे त्याने सुटावं, तिला काय घाई होती? चहा पिऊन, बशा पालथ्या घालून सगळे गेले. मग आमचा सुरेश तोंड उघडता झाला. सुरेश आनंदनगरच्या एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांची बुचं बनवतो. बुचं बनवणारा माणूस मला इंजिनाचं सांगायला लागला.

"बाबा, ट्रक संपलाय. निळा धूर मारतो, तेल पितो, सेल्फ (इंजिन चालू करायची मोटर) गेलाय. पासिंगला उभा करून घेणार नाहीत. मी भंगारवाल्याशी बोललोय. उद्या सकाळी येईल."

"इंजिन अजून किती काढील?"

"ते मी कसं सांगू?"

"सांगता येत नाय तर भंगारवाल्याला काय अक्षता वाटायला बोलावलंस?"

वर मी म्हटलं, भंगारवाला उद्या येणार ना, मग आजचा दिवस माझा. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, जिथे जिथे इंजिनातलं कळणारा माणूस आहे तिथे जाऊन विचारतो. संपलं म्हणाले, तर मी स्वतः भंगारवाल्याच्या दारात नेऊन उभा करीन. नाही म्हणाले, तर परत ह्या घरात भंगार हा शब्द काढायचा नाही.

आमचं घर बारवी धरणाच्या वाटेला, टेकाडावर. सेल्फ गेल्यापासून मी ट्रक घरापुढच्या उतारावर तोंड खाली करून लावतो. सकाळी चाकाखालचा दगड काढायचा, ट्रक आपल्या वजनाने सुटतो, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की धडधडतो. दगड काढायचं काम यमुनेचं. दगड ओढून बाजूला पळायची, ह्या वयात, आणि खालच्या वळणावर येऊन चढायची. त्या दिवशी दगड काढायला कोण? सुरेशला सांगितलं नाही. भंगारवाला बोलावणाऱ्याच्या हाताने मला ट्रक चालू करायचा नव्हता. पट्टी बघितली, कमी होती, तेल ओतून बरोबर केलं. मग दगडाला दोरी बांधली, दुसरं टोक खिडकीतून आत घेतलं, दाराच्या कडीला बांधलं, वर बसलो आणि ओढलं. दगड निघाला, ट्रक सुटला, इंजिन लागलं. माझी अक्कल बघून मीच खूश झालो.

उल्हास नदीच्या पुलाजवळ एक मोटारसायकलवाला बाजूला येऊन ओरडला, "ओ काका, मागं काय कुत्रा बांधलाय काय?"

दोरी सोडायची राहिली होती. दगड घरापासून फरफटत आला होता. अर्धा झिजला. इंजिन चालूच ठेवून उतरलो, दगड उचलून आत ठेवला, डाव्या सीटखाली. तिचे पाय असायचे तिथे.

बदलापूर आलं. आलं म्हणजे काय, पूल ओलांडला की अंगावरच येतं. जिथे भाताची खाचरं बघितली तिथे आता मान मोडेल इतके मजले. इमारतींना नावं सगळी परदेशी. बाजूला आपली नदी वाहते आहे, तिचं नाव एकाही इमारतीला नको. पाणी मात्र तिचंच पितात. रस्ता एका बाजूने करतात तोवर दुसऱ्या बाजूने उखडतात. धूर माझा ट्रक सोडतो म्हणून लोक नाकाला रुमाल लावत होते. त्यांच्या रस्त्याची धूळ चालते त्यांना.

बाळू मिस्त्रीचं गॅरेज उड्डाणपुलाच्या पायथ्याशी आहे. मला तेच सोयीचं. माझ्यासारख्याला गावात देऊळ कुठे, हॉटेल कुठे, हे कळून उपयोग नाही. उतार कुठे आहे ते कळावं लागतं. पुलाच्या उतारावर तोंड खाली करून ट्रक उभा केला, हँडब्रेक ओढला, झिजका दगड लावला.

बाळूने चालू इंजिनाचं तेल ओतायचं झाकण काढलं. भसाभसा धूर वर आला.

"दम टाकतंय, बाबा." (इंजिन आतून झिजलं की झाकणातून असा धूर फेकतं, त्याला दम टाकणं म्हणतात.) "बंद करा."

बंद केलं. थोड्या वेळाने त्याने पट्टी काढली. "तेल तर बरोबर आहे."

"सकाळीच बघितलंय. तेल आमच्याकडं रोज बघतात," मी म्हटलं.

"मग पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन सगळं उघडून नव्याने बांधायला लागेल. किती किलोमीटर झालं असेल?"

"मीटर कधीचा मेलाय."

"अंदाजे?"

"घेतला तेव्हा पोरगा बालवाडीत होता. आता त्याला टक्कल पडलंय. कर हिशोब."

बाळू हसला. मग फडक्याला हात पुसत, शहाण्यासारखं तोंड करून म्हणाला, "बाबा, इंजिन म्हणजे माणसासारखंच असतं. वय झालं की—"

"माणसाचं मला सांगू नको. इंजिनाचं विचारायला आलोय."

"न बांधता एखादा पावसाळा काढील," म्हणाला. "तो पण देवाच्या दयेने."

समोरच्या गाडीवर वडापाव खाल्ला. वड्यात बटाटा शोधावा लागला. गाडीवाला म्हणाला, काका, महागाई आहे. मग पाव तरी भाजून दे, तर म्हणाला, गॅस महाग आहे. मी म्हटलं, तू तरी कशाला उभा आहेस, तू पण महाग झाला असशील. तिथून निघालो. हँडब्रेक सोडून दगड मीच काढला, आत टाकला. ट्रक हातभर पुढे सरकला आणि मी दाराला लोंबकळत वर चढलो. पुलावरून जाणारे बघत होते. एकाने फोनवर काढून पण घेतलं. मदतीला कोणी आलं नाही.

अंबरनाथकडे निघालं की आनंदनगरचा वास आधी येतो, गाव मागून येतं. नाक दाबलं तर वासाची चव जिभेला लागते. सुरेश रोज ह्या वासात जातो आणि घरी येऊन म्हणतो, ट्रकच्या धुराने डोकं दुखतं.

मोरिवलीत हिरामण म्हणून इंजिन बांधणारा आहे. गाव जुनं, कौलारू घरं अजून आहेत, पण ज्याच्या त्याच्या पाठीला कारखान्याची भिंत. हिरामणच्या अंगणात इंजिनं उघडी पडलेली, पिस्टन घमेल्यात. जागा सगळी सपाट, म्हणून मी इंजिन बंद केलं नाही. खाली उभा राहून ओरडून बोललो.

"किती काढील, सांग."

"उतरवू. उघडू. मग सांगतो."

"न उघडता सांग."

"असं कसं, काका? डॉक्टर पण आत काय आहे ते बघूनच सांगतो."

"माझ्या घरी डॉक्टर आला त्याने काय उघडलं नाय. लांबून बघून सांगितलं, गेली म्हणून."

हिरामणचा हात पान्यावर तसाच राहिला. यमुनेला तो ओळखत होता. ट्रकमध्ये माझ्या बाजूला बायको बसलेली बघून पूर्वी चिडवायचा, "काका, क्लीनर पगार काय घेते?" आणि ती वरून म्हणायची, "तुझ्या मालकिणीपेक्षा जास्त." आता त्याने डाव्या सीटकडे बघितलं आणि खाटेवर जागा केली. "बसा. चहा सांगतो."

"इंजिन चालू हाय. बसायला वेळ नाय."

मग त्याने चार गोष्टी सरळ सांगितल्या, त्या लिहितो, कारण इतका सरळ माणूस मला त्या रस्त्याला पहिल्यांदा भेटला. जुन्या ट्रकचं इंजिन किती चालेल ते वयावर नसतं म्हणाला. वेळेवर तेल आणि फिल्टर बदलले, पाणी कमी पडू दिलं नाही, तापवलं नाही, ओझं मापात भरलं, तर एकेक इंजिन दोनदा-तीनदा बांधून बापाकडून पोराकडे जातं. आणि हे केलं नाही तर नवं कोरं पण दोन वर्षांत माझ्या अंगणात येऊन पडतं, म्हणाला.

"तुमचं तापतं का?"

"नाय."

"खालून ठोका मारतं?"

"ऐक की. वाजतंय का कुठं?"

त्याने कान दिला. डोकं हलवलं. "चढाला ओढतं?"

"ओढतं."

"मग धूर का मारतं?"

"हेच विचारायला मी सकाळपासून डिझेल जाळतोय."

त्याने खांदे उडवले. "उतरवावंच लागेल." शेवटी तोही तिथेच आला. ज्याच्या हातात पाना, त्याला जगात फक्त बोल्ट दिसतात. तेही घट्ट झालेले.

शिवमंदिराकडे जाणारा फाटा लागला. यमुना दर वेळी तिथे हात जोडायची आणि मला पण जोडायला लावायची. स्टेअरिंग सोडून कसे जोडू म्हटलं तर म्हणायची, मान तरी हलवा. त्या दिवशी मान पण हलवली नाही. आमचं सध्या बोलणं बंद आहे.

पुलावरून अंबरनाथ पश्चिमेला उतरलो आणि उल्हासनगरात घुसलो. घुसलो म्हणजे अडकलो. एका हातगाडीवर जीनच्या पँटींचा डोंगर, एका मोटारसायकलवर अख्खा सोफा आणि सोफ्यावर तो धरून बसलेला माणूस. रस्त्याच्या मधोमध दोन दुकानदार भाव करत उभे. हातगाडीवाला अचानक आडवा आला, मी ब्रेक दाबला, क्लच राहिला. ट्रक बंद.

आणि जागा परातीसारखी सपाट.

मागून हॉर्न सुरू झाले. आईबहिणीच्या शिव्या मराठीत, हिंदीत आणि सिंधीत पण ऐकल्या. शेवटी कपड्यांच्या दुकानातले सात-आठ जण आले आणि रेटत रेटत ट्रक कडेला घेतला. कडेला म्हणजे नेमका एका दुकानाच्या तोंडावर. आतून माझ्याच वयाचा एक पांढऱ्या सदऱ्यातला माणूस चहाचा ग्लास घेऊन बाहेर आला. लछूसेठ त्याचं नाव. दुकान ट्रकच्या जुन्या सुट्या भागांचं. आंधळ्याला काठी सापडावी तसं म्हणाल, पण काठी आधी डोक्यात बसली.

"वडी (अरे), पूरा शटर ही बंद कर दिया मेरा! गिऱ्हाईक काय छपरावरून येणार?"

"सेल्फ नाही सेठ. बंद पडला."

"छा थ्यो? (काय झालं?) सिर्फ सेल्फ?"

मी सगळं सांगितलं. धूर, दम, बाळू, हिरामण, भंगारवाला. त्याने ऐकता ऐकता चष्मा लावला, बंपरवर चढला आणि पट्टी काढून पुसून परत घातली. पुन्हा काढली. बघत राहिला. मग हसायला लागला. चहा सांडेपर्यंत हसला.

"साईं, ये इंजिन है के भजीची कढई? गले तक तेल भरा है!"

"शक्य नाय. सकाळी बघूनच ओतलंय. बदलापूरच्या मिस्त्रीने पण बघितलं. बरोबर होतं."

"सकाळी गाडी कुठे होती?"

"घरापुढं. उतारावर."

"तोंड?"

"खाली."

"आणि बदलापूरला?"

पुलाचा उतार आठवला.

त्याने हातातला चहाचा ग्लास माझ्यापुढे तिरका धरला. चहा एका कडेला चढला, दुसरी कड कोरडी पडली. कोरड्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "पट्टी इधर." मग भरलेल्या कडेवर. "तेल उधर. उतारावर तेल पुढे पळतं, पट्टी मागे कोरडी. आपण म्हणतो कमी आहे, डालो. रोज डालो. जास्तीचं तेल इंजिन जाळणारच, धूर मारणारच, दम टाकणारच. उतारावर कधीपासून लावता?"

"सेल्फ गेल्यापासून."

"आणि धूर?"

त्यानंतरच. सेल्फ गेला, धूर आला, आम्ही म्हटलं म्हातारं झालं इंजिन, दुखणी एकदमच येतात. म्हणून आणखी जपलं. म्हणून रोज तेल.

सेठ अजून हसत होता. भोवती लोक जमले होते. "वडी, कोण गाढव रोज तेल ओततो ह्यात?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही? इतनी उमर ट्रक चलाया और—"

"मीच. ट्रक माझा, तेल माझं. दुसरं कोण ओतणार?"

लोक हसले. हसू दे. माझ्यावर हसत होते.

शेजारच्या मिस्त्रीने खालचा बोल्ट ढिला करून जास्तीचं तेल डब्यात काढलं. तोवर सेठने मला बाकावर बसवून दाल पकवान खायला घातलं (चण्याची पातळ डाळ आणि मैद्याची कडक मोठी पुरी). पकवान माझ्या दातांच्या आवाक्यातलं नव्हतं, डाळीत बुडवून खाल्लं. चांगलं होतं. लिहिताना जिवावर येतं, पण चांगलं होतं.

पाण्याच्या टँकरला साखळी लावून ट्रक ओढला. लागला. आधी एवढा मोठा निळा ढग सोडला की समोरच्या जीनवाल्याने शिव्या देत माल आत घेतला. मग धूर पातळ झाला. सेठ इंजिनाला कान लावून उभा होता.

"आता सांगा, किती काढील?" मी विचारलं.

"आवाज ऐक ना. आतून अच्छा है. बांधायची गोष्ट लांब आहे अजून. सपाटीवर पट्टी बघ, तेल वेळेवर बदल. मेरा ही नुकसान है, साईं, तुला विकायला माझ्याकडे काही नाही. हां, सेल्फ देतो, जुना पण चांगला."

"सेल्फचं पुढं बघू."

"घरी जाऊन भाभीला सांग, तेलाचा खर्च वाचला."

"सांगतो," म्हटलं.

परत येताना अंबरनाथच्या पुलावर आरशात बघितलं, धूर रेघेएवढा. बदलापूरला बाळूच्या गॅरेजपुढून गेलो तेव्हा रेघ पण नव्हती. त्याला हॉर्न दिला. त्याने हात हलवला, त्याला वाटलं राम राम करतोय. धरणाच्या वाटेला लागलो, इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता, आणि डावी सीट रिकामी हलत होती. सीटवरचं फोम तिच्या बाजूला दबलेलं आहे. दिवसभर तिकडे बघायचं टाळलं होतं, घाटाच्या चढाला बघितलं.

एक गोष्ट त्या रस्त्याला डोक्यात बसली ती सांगतो. यमुनेने चूक केली नव्हती. तिला पट्टीवर दिसलं तेच ती बोलली. खरंच कमी दिसत होतं. ट्रक वाकडा लावला होता मी, आणि वाकड्या जागेवर सरळ माणसाने बघितलं तरी वाकडंच दिसणार.

घरापुढे आलो. ट्रक उतारावर, तोंड खाली. सुरेश दारातच होता. धूर नाही हे त्याने बघितलं.

"इंजिन बांधलंत?"

"नाय. तेल जास्त झालं होतं."

"तेल तर आई—"

"मी ओतत होतो."

"बाबा, रोज आईच पट्टी—"

"मी ओतत होतो म्हटलं ना. तू बुचं बनव."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खिशातून फोन काढला, अंगणाच्या कडेला गेला आणि भंगारवाल्याला सांगितलं, येऊ नको. दगड त्यानेच चाकाखाली लावला. झिजलेला बघून म्हणाला, "याला काय झालं?" मी म्हटलं, फिरायला आला होता.

दुसऱ्या सकाळी उठून बंपरवर चढलो. टेकायला खांदा नव्हता, आरशाची दांडी धरली. दांडीवरचं फडकं घेतलं. पट्टी ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली आणि उजेडाकडे धरली. खुणेच्या खाली. चांगलं बोटभर खाली. तेल तर कालच सपाटीवर मापात आणलेलं.

कमी हाय, म्हणाली असती.

घरातून कानस आणली आणि पट्टी घेऊन पायरीवर बसलो. जिथवर पट्टी तेलाने ओली होती तिथे नवी खूण घासली. डोळे साथ देत नाहीत, बराच वेळ गेला. पोलाद आहे, लवकर खात नाही. खूण नखाला लागेल इतकी खोल केली, भुकटी पुसली, पट्टी परत इंजिनात घातली आणि पुन्हा काढून बघितली. त्याच उतारावर, तिच्याच जागेवर उभा राहून. तेल नव्या खुणेला लागून होतं.

"आता बरोबर," म्हटलं, आणि फडकं परत आरशाच्या दांडीला अडकवलं.